पंप उतरवण्याआधी : जेसीबी-पोकलेनच्या डिझेल पंपाचा बिघाड पायरीपायरीने कसा शोधायचा

पुण्याजवळच्या वाघोलीचा क्रशर असो, मुळशीकडचं एखादं सपाटीकरण असो की रिंग रोडचं काम, मशीन चालता चालता बंद पडलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "पंप गेला." ऑपरेटर म्हणतो, सुपरवायझर मान डोलावतो आणि नुकताच आयटीआय करून आलेला मुलगा पाने काढायला घेतो. पंप उतरतो, भोसरीच्या पंप रूममध्ये, म्हणजे पंप दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये, जातो, मशीन दोन-तीन दिवस उभं राहतं. भाडं बुडतं, हप्ता मात्र चालू राहतो. आणि पुष्कळदा पंप रूमवाला सांगतो की पंपात फारसं काही नव्हतं.

हा लेख त्या नव्या मुलासाठी आहे. माझं म्हणणं एकच आहे. डिझेल पंप स्वतःहून क्वचितच बिघडतो. पाणी, कचरा, हवा किंवा अपुरं डिझेल, यांतलं काहीतरी त्याला बिघडवतं. म्हणून तपास टाकीपासून सुरू करायचा आणि पंपापर्यंत सगळ्यात शेवटी पोचायचं. या क्रमाने गेलात तर निम्म्याहून जास्त काम एक पाना, एक पारदर्शक पाईप आणि एक स्वच्छ बाटली यांवर होतं.

आधी हे ठरवा : दुखणं डिझेलचंच आहे का?

"मशीनला ताकद नाही" या एका तक्रारीत तीन वेगळे आजार असतात. ते वेगळे करायला एकही नट सैल करावा लागत नाही.

मशीन गरम करा, फुल रेसवर ठेवा आणि बकेट मातीत घालून जोर द्या. आता बकेटकडे बघू नका, इंजिनाचा आवाज ऐका आणि आरपीएमचा काटा बघा. आरपीएम जागेवर आहे पण बूम आणि बकेट ढिल्या चालतात, तर दुखणं हायड्रॉलिकचं आहे. हायड्रॉलिक पंप, रिलीफ व्हॉल्व्ह किंवा हायड्रॉलिक फिल्टर बघा आणि डिझेलच्या लाईनला हात लावू नका. आरपीएम खाली बसतो, इंजिन दबतं, तर बिघाड इंजिनाच्या बाजूला आहे.

मग सायलेन्सरकडे बघा. दबताना भसाभस काळा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय. एअर फिल्टर काढून बघा, टर्बोचा रबरी होज फाटलाय का ते बघा. मोशीच्या खाणीत किंवा क्रशरवर चालणाऱ्या मशीनचा एअर फिल्टर पुस्तकातल्या तासांची वाट बघत नाही, त्याच्या खूप आधी भरतो. इंजिन दबतंय आणि धूर जवळपास नाहीच, तर इंजिन उपाशी आहे, डिझेल पुरेसं पोचत नाही. तेव्हाच पुढच्या पायऱ्या तुमच्या कामाच्या.

सुरूच न होणाऱ्या मशीनलाही हीच युक्ती लागू आहे. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरमध्ये जातंय पण पेटत नाहीये. कॉम्प्रेशन, टायमिंग, हीटर प्लग किंवा नोझल बघावे लागतील. सेल्फ मारताना सायलेन्सर अगदी कोरडा, धुराचा मागमूस नाही, तर डिझेल पोचतच नाही.

डिझेलचा रस्ता डोळ्यांसमोर ठेवा

टाकी, टाकीतली जाळी, सक्शन पाईप, पाणी वेगळं करणारा सेपरेटर, टाकीतून डिझेल ओढून पुढे देणारा फीड पंप, मेन फिल्टर, हाय प्रेशर पंप, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा इंजेक्टर (त्याचं टोक म्हणजे नोझल) आणि उरलेलं डिझेल परत टाकीत नेणारा रिटर्न पाईप. काही मशीनवर फीड पंप आणि फिल्टर यांचा क्रम बदलतो, पण रस्ता हाच.

या रस्त्यावरचा एक भाग कायम लक्षात ठेवा. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाईन ओढीखाली असते. तिथे गळती असली तर डिझेल बाहेर टपकत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं आणि मशीन मात्र एअर घेत राहतं. फीड पंपाच्या पुढे लाईन दाबाखाली असते, तिथली गळती डोळ्यांना दिसते.

पुण्याच्या साइट्सवर तीन प्रकारचे हाय प्रेशर पंप भेटतील. जुन्या डोझर, लोडर आणि जनरेटरवर इनलाइन पंप, ज्याला जुने मिस्त्री अजून माइको पंप म्हणतात. प्रत्येक सिलिंडरला त्यात वेगळं एलिमेंट, म्हणजे दाब तयार करणारी दट्ट्याची जोडी, असतं. बॅकहो लोडरवर रोटरी पंप खूप आहेत, गोल आणि आटोपशीर, एकच रोटर सगळ्या सिलिंडरना आळीपाळीने डिझेल देतो. तिसरा कॉमन रेल, ज्यात पंप सगळ्या इंजेक्टरना जोडलेल्या एकाच नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाब भरतो आणि इंजेक्टर विजेवर उघडतात. चाकांच्या बांधकाम यंत्रांसाठी एप्रिल २०२१ पासून सीईव्ही स्टेज ४ हा धुराच्या प्रदूषणाचा नियम लागू झाला, तेव्हापासून मोठ्या एचपीच्या नव्या मशीनवर तो सर्रास आला. ३७ किलोवॅटच्या खालच्या इंजिनांवर, म्हणजे बाजारात ४९ एचपी म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅकहोंवर, मेकॅनिकल पंप टिकून राहिला. समोरचं मशीन कुठल्या प्रकारचं आहे हे आधी ओळखा, कारण मेकॅनिकल पंपावर चालणाऱ्या काही चाचण्या कॉमन रेलवर जीवघेण्या ठरतात.

हात लावण्याआधी

बकेट आणि बूम जमिनीवर टेकवा, हँडब्रेक लावा, चाकाला दगड लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. जवळ कुणी बिडी ओढत असेल तर त्याला लांब पाठवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चालू इंजिनावर हाय प्रेशर पाईपची गळती बोटाने चाचपू नका, हातमोजे घालूनही नाही. मेकॅनिकल पंपाचं साधं नोझलसुद्धा साधारण २०० बारच्या वर उघडतं. कॉमन रेलमध्ये लोडवर १,६०० बारपर्यंत आणि काही इंजिनांत त्याहून जास्त दाब असतो. केसाएवढ्या चिरेतून निघालेली धार कातडी भेदून डिझेल आत मांसात सोडते. जखम सुई टोचल्यासारखी बारीक दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि तिथेच माणूस फसतो. असं कुणाला झालं तर हळद दाबून, पट्टी बांधून घरी पाठवू नका. ताबडतोब ऑपरेशनची सोय असलेल्या हॉस्पिटलमध्ये न्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा : हाय प्रेशरने डिझेल आत घुसलंय. उशीर झाला तर बोट, कधी हातही, गमवावा लागतो. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांब धरून फिरवा, धार पुठ्ठ्यावर उमटते. कॉमन रेलचं इंजिन बंद केल्यावरही मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबा आणि मगच रेलच्या पाईपजवळ जा.

पायरी १ : ऑपरेटरशी बोला

नवे मेकॅनिक ही पायरी गाळतात आणि इथेच तास वाचतात. ऑपरेटर आठ-दहा तास त्या मशीनवर बसतो, त्याच्या कानाला फरक कळतो. "दादा, काय झालं?" एवढं विचारून थांबू नका. नेमकं विचारा. अचानक बंद पडलं की आचके देत? सकाळी गार असताना त्रास देतं की दुपारी गरम झाल्यावर? चढावर तोंड केल्यावर बंद पडतं का? थोडं थांबून परत सुरू होतं का? मागच्या आठवड्यात फिल्टर कुणी बदलला? डिझेल कुठून भरलं, पेट्रोल पंपावरून की कॅनमधून?

उत्तरांवरून दिशा मिळते. अर्धा तास चालून बंद पडतं आणि दहा मिनिटांनी परत सुरू होतं : टाकीत काहीतरी तरंगतंय किंवा झाकणाचं भोक बुजलंय. चढावर बंद पडतं : टाकीत डिझेल कमी आहे किंवा सक्शन पाईप वरच्या बाजूला तडकलाय. रात्रभर उभं राहिल्यावर सकाळी सेल्फ खूप मारावा लागतो, एकदा सुरू झालं की दिवसभर ठीक : कुठेतरी हवा शिरून डिझेल मागे उतरतंय. फिल्टर बदलल्यापासूनच त्रास : फिल्टरचं रबर किंवा वॉशर नीट बसलेलं नाही. सकाळी ठीक, दुपारी गरम असताना बंद केलं की सुरूच होत नाही : याकडे पुढे येऊ, कारण इथे पंपावरचा संशय खरोखर वाढतो.

पायरी २ : टाकी आणि डिझेल

काट्यावर विश्वास ठेवू नका. झाकण उघडून स्वच्छ पट्टी घालून डिझेल किती आहे ते बघा. झाकण उघडताना कान द्या. फुस्स आवाज करत हवा आत गेली आणि मशीन त्यानंतर नीट चालू लागलं, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. क्रशरच्या धुळीत हे नेहमीचं आहे. झाकण रॉकेलमध्ये धुतलं की काम झालं.

मग टाकीच्या तळाच्या ड्रेनमधून पारदर्शक बाटलीत डिझेल घ्या आणि पंधरा-वीस मिनिटं बाटली हलवू नका. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसेल. डिझेल गढूळ, दुधाळ दिसत असेल तर पाणी त्यात मिसळलंय. डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर काळपट बुळबुळीत साय दिसली तर ती टाकीत वाढलेली जीवाणू-बुरशी आहे. ती फिल्टर पुन्हा पुन्हा चोक करते, आणि टाकी धुतल्याशिवाय सुटका नाही.

ताम्हिणी-मुळशीच्या बाजूला पावसाळ्यात हे सगळं वाढतं. अर्धी रिकामी टाकी रात्रभर राहिली की आतल्या दमट हवेचं पाणी होऊन पत्र्यावरून डिझेलमध्ये उतरतं. म्हणून टाकी सकाळी भरण्याऐवजी संध्याकाळी काम संपल्यावर भरायला सांगा. २०० लिटरच्या बॅरलमधून डिझेल देत असतील तर बॅरल उघड्यावर उभं ठेवू देऊ नका. वरच्या कडीत पावसाचं पाणी साचतं आणि बुचातून आत झिरपतं. बॅरलमधून उपसताना नळी तळाला टेकवू नका, तळाचं चार बोटं डिझेल सोडून द्या. आणि कॅनच्या तोंडातला पॉलिथिनचा बोळा! टाकीत पडलेला तो बोळा सक्शनच्या तोंडाला चिकटतो, इंजिन बंद पडलं की सुटतो, परत सुरू केलं की चिकटतो. असल्या बोळ्यापायी पंप उतरवले गेलेत.

रॉकेलची भेसळ वासाने पक्की ओळखता येत नाही. संशय असेल तर ज्या पेट्रोल पंपावरून भरलं तिथे घनता मोजून मागा, ग्राहकाचा तो हक्क आहे. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं. रॉकेलमध्ये ते वंगण कमी, त्यामुळे पंप आतून घासला जातो.

पायरी ३ : सेपरेटर आणि फिल्टर

सेपरेटरच्या वाटीतलं पाणी काढा. फिल्टर उतरवून त्यातलं डिझेल पांढऱ्या भांड्यात ओता आणि उन्हात बघा. माती, गंज, काळी साय यांचा अर्थ वर आलाच आहे. सोनेरी किंवा चंदेरी चमचम दिसली तर थांबा. ते धातूचे कण आहेत. फीड पंप फिल्टरच्या आधी असेल तर तो झिजत असेल. कॉमन रेलमध्ये कण रिटर्नमधून टाकीत आणि टाकीतून फिल्टरमध्ये आले असतील, तर हाय प्रेशर पंपाने स्वतःला खायला सुरुवात केली आहे. अशा मशीनला सेल्फ मारत बसू नका, प्रत्येक वेळी कण पुढे इंजेक्टरपर्यंत ढकलले जातात.

नवा फिल्टर बसवताना कॉमन रेलवर एक काटेकोर नियम पाळा. फिल्टरमध्ये वरून मधल्या भोकातून डिझेल ओतायचं नाही. ते भोक स्वच्छ बाजूचं असतं, आणि तुम्ही कॅनमधलं न गाळलेलं डिझेल थेट पंपाकडे पाठवता. मेन फिल्टर साधारण २ ते ५ मायक्रॉनचा असतो, माणसाचा केस त्याच्या दहा-पंधरा पटींहून जाड भरतो. फिल्टर कोरडा बसवा आणि हँड प्रायमरने, म्हणजे हाताने दाबायच्या छोट्या पंपाने, भरा. स्वस्त म्हणून नाना पेठेतून भलत्याच नावाचा फिल्टर आणणंही कॉमन रेलला परवडत नाही. शंभर-दोनशे रुपये वाचवून इंजेक्टरचा संच गमावण्यात काही अर्थ नाही.

पायरी ४ : हवा कुठून घेतंय?

फीड पंपाच्या आधीच्या आणि नंतरच्या लाईनमध्ये फूटभर पारदर्शक डिझेल पाईप चांगल्या क्लिप लावून बसवा. मशीन सुरू करा किंवा सेल्फ मारा आणि बघा. सलग डिझेल वाहिलं पाहिजे. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे जातात, ते चालतील. सतत बुडबुडे येत राहिले तर ओढीच्या बाजूला गळती आहे. शोधायच्या जागा : बंजो बोल्टचे (पाईप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर, सेपरेटरच्या वाटीचं रबर, प्रायमरचा झिजलेला दट्ट्या, चेसिसला घासणारा सक्शन पाईप, उन्हाने तडकलेले रबरी होज. तांब्याचा वॉशर जुना परत वापरू नका.

बुडबुडे नाहीत पण डिझेलही नीट येत नाही, तर रस्त्यात अडथळा आहे : चोक जाळी, चेपलेला पाईप, आतून सुटलेलं रबर. होजचा आतला थर सुटून झडपेसारखा बंद होतो आणि बाहेरून होज नवाकोरा दिसतो. व्हॅक्यूम गेज असेल तर तो फीड पंपाच्या तोंडाशी लावा. रेस वाढवली की काटा मॅन्युअलच्या मर्यादेपलीकडे ओढला जात असेल तर अडथळा पक्का.

यानंतर ती चाचणी करा, जिच्यामुळे मी कितीतरी पंप उतरवण्यापासून वाचलेले पाहिले आहेत. एका स्वच्छ कॅनमध्ये नवं, चांगलं डिझेल घ्या. कॅन सायलेन्सर आणि फॅनपासून लांब, पंपाच्या उंचीवर किंवा थोडा वर, घट्ट बांधून ठेवा. टाकीची लाईन सोडवा आणि कॅनमधून नवी पारदर्शक नळी थेट फीड पंपाला जोडा. कॉमन रेलवर फिल्टर वगळायचे नाहीत, नळी पहिल्या फिल्टरच्या आधी जोडा. एअर काढा आणि मशीन चालवा. रिटर्न टाकीतच जात राहील, त्यामुळे कॅन तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लवकर संपेल, लक्ष ठेवा. मशीन कॅनवर गुणाने चाललं तर पंप निर्दोष आहे, दुखणं टाकी आणि नळी यांच्यामध्ये आहे. कॅनवरही तीच तक्रार राहिली तर पुढे चला.

पायरी ५ : फीड पंप

मेकॅनिकल फीड पंपाचा हँड लिव्हर दाबून बघा. लिव्हर मोकळा, जोर न लागता हलत असेल तर लगेच पंप बाद ठरवू नका. कॅम नेमका वर चढलेल्या जागी इंजिन थांबलं असेल तरी असंच होतं. इंजिन एक फेरा फिरवून परत दाबा.

मग गेज लावा. डायफ्रॅमचे फीड पंप (लिफ्ट पंप) साधारण ०.३ ते ०.७ बार देतात, इनलाइन पंपावरचे दट्ट्याचे फीड पंप १ ते २.५ बारच्या आसपास, आणि कॉमन रेलचे इलेक्ट्रिक फीड पंप ३ ते ६ बार. नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्या. पुण्यात हे अवघड नाही. कमिन्स आणि किर्लोस्कर ऑइल इंजिन्स इथल्याच, जेसीबीचा कारखाना तळेगावला, ह्युंदाई आणि सॅनीचे चाकणला. दाब फक्त आयडलवर बघून समाधान मानू नका, फुल रेसवर आणि लोडवर तो टिकतो का ते बघा.

एक गोष्ट जरूर करा : ऑइलची पट्टी काढा. ऑइल पातळ झालंय, डिझेलचा वास येतोय आणि पातळी वाढलेली आहे, तर फीड पंपाचा डायफ्रॅम फाटलाय किंवा हाय प्रेशर पंपाचं शाफ्ट सील गेलंय. "ऑइल कमी होत नाही, उलट वाढतंय" असं ऑपरेटर आनंदाने सांगतो तेव्हा मशीन तिथेच बंद करायला सांगा. अशा ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत.

पायरी ६ : करंट

रोटरी पंपाच्या डोक्यावर स्टॉप सोलेनॉइड असतो. किल्ली ऑन केली की टिक असा आवाज यायला हवा. आवाज नाही तर टेस्ट लॅम्पने करंट येतोय का बघा, मग फ्यूज, रिले, अर्थिंग. मीटर लावून सेल्फ मारतानाचा व्होल्टेज मोजा. बॅटरी थकलेली असेल तर सेल्फच्या ओढीने व्होल्टेज पडतो आणि सोलेनॉइड सुटतो. मग मशीन सुरू होत नाही, आणि बोलणी पंपाला बसतात. बॅकहोवर साधारण १२ व्होल्ट, पोकलेनवर २४ व्होल्ट असतात, सुटा भाग आणताना हे तपासा. इनलाइन पंपावर स्टॉपची केबल अर्धवट ओढलेली राहिली तरी मशीन सुरू होत नाही. लिव्हर हाताने पूर्ण मागे जातोय का ते बघा.

कॉमन रेलवर सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्यच दिसत असेल तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर गेली आहे. ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, इंजिन फिरतंय हेच कळत नाही, म्हणून तो इंजेक्टर उघडत नाही. पंपाचा काही दोष नाही.

पायरी ७ : हाय प्रेशर, आता खरोखर पंप

*मेकॅनिकल पंपावर.* चष्मा घाला. इंजेक्टरकडचे पाईपचे नट एक-एक फेरा सैल करा, भोवती फडकं धरा, बोटं लांब ठेवा आणि सेल्फ मारा. ठोक्याठोक्याने डिझेल उडालं पाहिजे. फेस आला तर अजून हवा आहे. एकाच सिलिंडरला येत नसेल तर इनलाइन पंपात त्याचं एलिमेंट किंवा डिलिव्हरी व्हॉल्व्ह बघावा लागेल. कुठेच येत नाही, पंपाच्या तोंडाशी मात्र डिझेल भरपूर आहे आणि सोलेनॉइड टिक करतोय, तर आता पंपाला दोष द्यायला हरकत नाही.

चालू इंजिनात मिसिंग असेल तर एकेक नट सैल करून आवाज ऐका. आवाज बदलला नाही तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. त्याचं नोझल दुसऱ्या सिलिंडरला लावून बघा. दुखणं नोझलबरोबर सरकलं तर नोझल खराब, जागेवर राहिलं तर पंपाचं एलिमेंट किंवा कॉम्प्रेशन.

आता ती दुपारची तक्रार : गार असताना सुरू होतं, गरम झाल्यावर नाही. रोटरी पंपात हेड आणि रोटर यांच्यात फट अतिशय बारीक असते. ती झिजून वाढली की गरम, पातळ डिझेल सेल्फच्या कमी वेगात त्या फटीतूनच मागे निसटतं आणि दाब तयार होत नाही. पंपावर ओलं फडकं गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग सुरू झालं तर हेड-रोटर झिजल्याची शक्यता फार मोठी. मात्र त्याआधी गरम अवस्थेत सोलेनॉइड टिक करतो का ते तपासा, कारण गरम झाल्यावर कॉइलही दगा देते. गरम पंपावर बादलीने पाणी ओतायची पद्धत साइटवर दिसते, ती करू नका. एकदम आकसून रोटर अडकू शकतो.

*कॉमन रेलवर.* इथे नट सैल करायचा नाही, सेल्फ मारतानाही नाही. स्कॅनर लावा. त्यावर दिसणारा एसपीएन म्हणजे बिघाड कशात आहे ते सांगणारा नंबर : ९४ म्हणजे फीडचा दाब, ९७ म्हणजे डिझेलमध्ये पाणी, १५७ म्हणजे रेलचा दाब. १५७ कमी दाखवतोय म्हणून पंप गेला असा अर्थ होत नाही, रेलमध्ये दाब टिकत नाही एवढाच होतो. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी ठेवून बघा. आयडलला साधारण २५० ते ४०० बार असतात, सुरू होण्यासाठी बहुतेक इंजिनांना दीड-दोनशे तरी लागतात.

दाब कमी असण्याची कारणं स्वस्तापासून महागाकडे तपासा. फीड पुरेसा आहे का, हे तुम्ही आधीच बघितलंय. पुढे इंजेक्टर : प्रत्येकाची रिटर्न नळी वेगळ्या छोट्या बाटलीत सोडा, इंजिन आयडलवर चालवा आणि बाटल्या शेजारी ठेवा. एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा खूप जास्त भरली तर तो इंजेक्टर रेलचा दाब गळवतोय. मग रेलवरचा रिलीफ व्हॉल्व्ह : त्याच्या रिटर्नमधून सेल्फ मारताना डिझेल येता कामा नये. मग पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह, जो पंपात जाणारं डिझेल मोजून सोडतो, कचऱ्याने अडकतो आणि पुष्कळ पंपांवर वेगळा बदलता येतो. हे सगळं ठीक निघालं तरच पंप.

पायरी ८ : पंप उतरवणं आणि पंप रूम

आधी पंपाभोवतीची जागा धुवा आणि वाळवा. पाईप सुटला की लगेच प्लॅस्टिकची टोपी घाला, कापसाचा बोळा नको, धागे आत जातात. मेकॅनिकल पंपावर टायमिंगच्या खुणा बघा, मोबाइलवर फोटो घ्या, पहिला सिलिंडर टॉपला आणा, लॉक बोल्ट असेल तर तो लावा. शाफ्टची चावी टायमिंग केसमध्ये पडू देऊ नका, तिच्यापायी पुढचं कव्हर उघडावं लागतं.

साइटवर पंप उघडायचा नाही. पंप रूममध्ये नंबर प्लेटसकट द्या आणि खोलण्याआधी टेस्ट बेंचवरचा रिपोर्ट मागा, खोलल्यानंतरचाही. जुने पार्ट परत मागा. नोझल सोबतच द्या. "पिकअप वाढवून देतो" म्हणून कुणी सील तोडून स्क्रू वाढवत असेल तर नाही म्हणा. जास्तीचं डिझेल काळा धूर आणि गरम इंजिन देतं, आणि झिजलेलं मूळ कारण तसंच राहतं.

पंप तिकडे असताना इकडे टाकी धुवा, लाईन हवेने साफ करा, फिल्टर बदला. धातूचे कण सापडले असतील तर कॉमन रेलमध्ये रेल, पाईप आणि इंजेक्टर यांचाही विचार करावा लागतो. मालकाला हा खर्च आधीच सांगा, अर्ध्या कामानंतर नव्हे. नवा पंप घाणेरड्या लाईनला जोडला तर तो जुन्याच्या वाटेने जातो.

बसवल्यावर एअर काढायचा क्रम : आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, मग इंजेक्टरचे नट, टाकीकडून पुढे. कॉमन रेलवर फक्त प्रायमर घट्ट होईपर्यंत दाबा आणि सेल्फ मारा, उरलेली हवा यंत्रणा स्वतः काढते. सेल्फ एका वेळी पंधरा-वीस सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये दोन मिनिटं थांबा. हीटर प्लग किंवा एअर हीटर असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नका, स्फोटासारखं पेटतं.

सुरू झालं म्हणून लगेच हत्यारं गुंडाळू नका. सुरुवातीच्या चाचणीसारखी बकेट मातीत घालून लोड द्या, आरपीएम आणि धूर बघा. तासभर काम झाल्यावर मशीन बंद करून सगळे जोड पुन्हा बघा, ऑइलची पट्टी काढा, आणि फिल्टरवर तारीख आणि तासांचा आकडा मार्करने लिहून ठेवा.